बिनशिवणीची टोपी

४ नोव्हेंबर, मंगळवार
टोपी परत आली. नर्सने आतून बोट फिरवलं — "आजी, बाळाची कातडी फार नाजूक आहे, शिवण घासेल. बिनशिवणीची आणा." आजवर माझ्या विणकामाला कुणी नाव ठेवलं नव्हतं!

नात दोन महिने आधीच आली. काचेच्या पेटीत आहे. मुलगा पेटीपुढून हलत नाही, सून रडतसुद्धा नाही. टोपी उसवून टाकली.

५ नोव्हेंबर
बिनशिवणीची म्हणजे चार सुयांवर गोल विणायची. मला येत नाही. येतं कुणाला? विहीणबाईंना! सुनेच्या आईपुढे मी शिकाऊ म्हणून बसू? पुस्तकात बघून केलं. सुया पडतात, टाके सुटतात. सगळं भिरकावून दिलं.

६ नोव्हेंबर
बाळाचं वजन उतरलं. अंगात ऊब टिकत नाही. डॉक्टर म्हणाले, "उद्यापर्यंत काही सांगता येत नाही."
झक मारत फोन केला.

७ नोव्हेंबर
विहीणबाई आल्या. "अहो ताई, सुया आहेत, भाले नाहीत!" गिळलं.

घेर जोडताना पहिल्या ओळीला पीळ पडला. मला वाटलं, पुढे सरळ होईल. अर्धी टोपी झाली तेव्हा बाई बोलल्या, "हा पीळ जन्मात निघायचा नाही. उसवा."
"मग आधी का नाही बोललात?"
"ऐकलं असतंत?"

असं भांडण काढणार होते! म्हटलं, एवढं येतं तर तुम्हीच विणा की. त्यांनी हात पुढे केले. थरथरत होते. "पोर पेटीत गेल्यापासून सुई धरवत नाही हो."
त्यांचीही नातच आहे ती. मी उसवायला घेतली.

८ नोव्हेंबर
फोन वाजला की सुया खाली ठेवते. जोडण्याआधी त्यांनी एकेक टाका बोटाने चाचपला, मग मी. पीळ नाही.

९ नोव्हेंबर
झाली. माझ्या मुठीवर बसते एवढीशी. नर्सने आत बोट फिरवलं आणि घेऊन गेली. आम्ही दोघी बाकावर बसून राहिलो. देवा, एवढं कर.

१५ नोव्हेंबर
तसंच आहे. काही लिहवत नाही.

३० नोव्हेंबर, रविवार
टोपी परत आली! घट्ट होते म्हणे, कान बाहेर राहतात. मोठी हवी.
पहिले टाके विहीणबाईंनी घातले.