काओबुनांगमावशीचा फोन

निकुनाऊ,
१९ सप्टेंबर

प्रिय तेबानोदादा,

मौरी. तुझ्याबरोबर तिकडे परदेशात टोमॅटो तोडणाऱ्या आपल्या गावच्या सगळ्यांनाही आमच्याकडून मौरी सांग.

इथे सगळे बरे आहेत. विहिरीचं पाणी पुन्हा खारट झालंय, चहात कितीही साखर घातली तरी मचूळच लागतो. तुमच्या घरामागचा नीरफणस या वर्षी खूप धरलाय. तुझ्या आईची डुकरीण आता आमच्याकडे असते, पण दिवसातून एकदा दोर तोडून तुमच्या अंगणात जाऊन बसते. तुझ्या आईला, माझ्या मावशीला, तुझ्या बाबांच्या शेजारी ठेवलंय. कबरीवरचे पांढरे खडे मी किनाऱ्यावरून स्वतः वेचून आणले.

तुझा निरोप नर्स तेरेंगाने मला दाखवला. 'आईच्या शेवटच्या आठवड्यात नेट बंद होतं असं सगळे म्हणतात. रेरेआओ काय म्हणते?' त्याला बारा दिवस झाले. नेटवरून दोन ओळी पाठवता आल्या असत्या, पण ते दवाखान्याचं आहे. आरोबातीबाबा विमानाने तारावाला निघालेत, तिथून तुमच्याकडे कामाला येणाऱ्या पोरांच्या नव्या तुकडीजवळ ते हे पत्र आणि एक डबा देतील.

दवाखान्याच्या छतावर नेटची डिश बसली तेव्हा तू इथेच होतास. मी सुवाहून पदवी घेऊन नुकतीच आले होते. मानेआबात, गावाच्या सभाघरात, उभी राहून मी भाषण केलं की आता आपलं बेट कुणाच्या मागे राहणार नाही. तू मागून ओरडलास, "बस खाली, मासे निवतायत." डिशची जबाबदारी कौन्सिलने माझ्याकडे दिली आणि पहिल्याच आठवड्यात सगळ्या गावाने पासवर्ड मागितला. मी दिला. आपल्या माणसाने बुबुती केली, म्हणजे समोर बसून मागितलं, की नाही म्हणायचं नसतं, हे आपल्याला चालायला लागण्याआधी कळतं.

पण तुम्ही पोरं तिकडून जे नवे फोन पाठवता ते आपले आपणच नेट खातात. माणूस झोपला तरी ते फोटो चढवतात, स्वतःची डागडुजी उतरवून घेतात. महिन्याचं नेट अकरा तारखेला संपलं. सतराला आंतेरेआच्या धाकटीचा पाय सुजून काळा पडला. तेरेंगा दिवसभर फोटो पाठवत राहिली, तारावाच्या मोठ्या इस्पितळातल्या डॉक्टरपर्यंत एकही पोचला नाही. सहा दिवसांनी विमान आलं. पोर परत आली ती गुडघ्याखाली पाय नसलेली.

मोठं पॅकेज मिळतं, मी विचारलं होतं. साऱ्या गावाचं दोन महिन्यांचं खोबरं त्यात जातं. मग मी पासवर्ड बदलला आणि दारावर लिहिलं: फक्त दवाखाना आणि शाळा. लोक यायचे, बसायचे, मी नाही म्हणायचे. आईने चार दिवस माझ्याशी अबोला धरला. मला वाटायचं, कुणीतरी हे करायलाच हवं, आणि शिकले ती मी एकटीच.

हे सगळं तुला माहीत आहे. माहीत नाही ते लिहायचं टाळतेय.

दादा, नेट बंद नव्हतं.

सत्तावीस ऑगस्टला दुपारी मावशी माझ्या दारात येऊन बसली. दवाखान्यातूनच आली होती. तिथे कशाला गेली होती, हे मी विचारलं नाही. मांडीवर बिस्किटांचा डबा, त्यात फडक्यात गुंडाळलेला तू पाठवलेला फोन. शाळेच्या सोलरवर ती दर शनिवारी तो चार्ज करून न्यायची.

"पोरी, बुबुती करायला आलेय," ती म्हणाली. "तेबानोचा चेहरा दाखव. दाढी राखलीय म्हणे. याच्या बापाला कधी मिशी धड आली नाही, याला दाढी कुठून येणार?"

मी म्हटलं, "मावशी, पाच दिवसांवर पहिली तारीख आहे. नवा महिना लागला की सगळ्यात आधी तुझा नंबर."

"पाच दिवस?"

"आज तुला दिलं तर उद्या दारात रांग लागेल. आंतेरेआच्या मुलीचा पाय आठव."

ती थोडा वेळ डब्याचं झाकण दाबत बसली. मग म्हणाली, "सुवाच्या पुस्तकांत बुबुतीचा धडा नव्हता वाटतं." हसून म्हणाली. उठताना माझ्या खांद्याचा आधार घेतला, तेव्हा तिला धाप लागली होती. मी वहीत डोकं घातलं.

नेट बंद आहे, हे गावात तिनेच सांगितलं. भाचीने मावशीला नाही म्हटलं, हे कुणाला कळू नये म्हणून. गाव तुझ्याशी खोटं बोललेलं नाही, त्यांना तेवढंच माहीत आहे.

तीस तारखेला सकाळी ती गेली. छातीत दुखत असल्याचं तिने तेरेंगाला सत्तावीसच्या दुपारीच, माझ्याकडे येण्याआधी, सांगितलं होतं. तारावाला जा म्हटलं तर म्हणाली, आधी एक काम आहे.

एकतीसला संध्याकाळी मी महिन्याचा हिशेब पाहिला. जवळजवळ अर्धं नेट शिल्लक होतं. ते पुढच्या महिन्यात धरत नाहीत, तसंच जातं. दहा मिनिटं बोलायला त्यातलं किती लागलं असतं तेही मी काढलं. इथे लिहीत नाही.

गेल्या आठवड्यात मानेआबात म्हाताऱ्यांनी माझं नाव घेऊन कौतुक केलं. पोरगी कडक आहे, अशीच हवी, म्हणाले. मी चटईकडे बघत बसले. मला अजूनही वाटतं की नियम बरोबर होता. हे वाक्य दोनदा खोडलं आणि पुन्हा लिहिलं, कारण तुझ्याशी आता आणखी काही लपवायचं नाही. पण मी सुवाला निघाले तेव्हा माझ्या फीसाठी आणि तिकिटासाठी मावशी घरोघर जाऊन बसली होती. अठ्ठावीस घरं. एकानेही तिला नाही म्हटलं नव्हतं.

डब्यात तिचा फोन आहे. त्यात एकोणीस फोटो आहेत. काही छताचे, काही अंगठ्याचे, बाकी तिच्या कपाळाचे. फोन कसा धरला की तुला आपण नीट दिसू, याचा ती सराव करत होती. शेवटच्या फोटोत पूर्ण चेहरा आलाय. केस विंचरलेत.

आता माझ्या दारात कुणी मागायला येत नाही.

तुझी क्षमा मी मागत नाही, दादा. मागितली तर ती बुबुती होईल आणि तुला नाही म्हणता येणार नाही. नाही म्हणायची मोकळीक तुला असू दे.

तुझ्या आईला नाही म्हणणारी,
रेरेआओ