‘हो, असंच’ म्हणेपर्यंत

५ फेब्रुवारी, गुरुवार

नापास! मी! चौतीस वर्षं भूमिती शिकवली, हजारो मुलांच्या पेपरांवर लाल शाई ओतली, आणि आज वाचनालयाच्या वरच्या खोलीत एका बेकरीवाल्यानं मला पाच मिनिटांत नापास केलं.

झालं ते असं. ग्रंथपालबाईंनी ‘धर्मसंवाद’ नावाचा वर्ग काढलाय, दर गुरुवारी चार वाजता. माझं नाव यांनीच घातलं. म्हणाले, घरात रेडिओशी भांडतेस, त्यापेक्षा तिथं जाऊन माणसांशी भांड. मला वाटलं, वादविवाद आहे, मग आपला हात कोण धरणार! तर वादालाच बंदी. चिठ्ठ्या टाकून जोड्या लावल्या. आपल्या जोडीदाराचा धर्म त्यालाच समजावून सांगायचा. तो ‘हो, असंच’ म्हणाला की पास. तोवर आपलं मत पोटात ठेवायचं.

माझ्या वाट्याला कोपऱ्यावरच्या बेकरीचे भाई आले. विषय — रोजा. मी म्हटलं, सोपं आहे, उपवासच तो, आम्हीही करतो. भाईंनी मान हलवली. आडवी.

६ फेब्रुवारी

पाव आणायला यांना पाठवलं. मी जाणार नाही.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

या वेळी पूर्ण तयारी. तीन पुस्तकं, अकरा मुद्दे, समासात उपमुद्दे. आत्मसंयम, गरिबांच्या भुकेची जाणीव, शरीराला विश्रांती — काही म्हणता काही सोडलं नाही. भाई मांडीवर हात ठेवून शांतपणे ऐकत होते. नखांत पीठ. शेवटी म्हणाले, “बाई, फार छान. पण हे त्या पुस्तकवाल्याचं झालं. माझं नाही.”

पुन्हा नापास. ग्रंथपालबाई वहीत काहीतरी लिहीत होत्या. मला तो आवाज चांगला माहीत आहे — शेरा मारल्याचा.

मग भाईंची पाळी. त्यांच्याकडे विषय माझी रोजची पूजा. त्यांनी सुरुवातीलाच हात वर केले. म्हणाले, देव मूर्तीत असतो की नसतो ते मोठ्या लोकांनी बघावं, मला एवढंच सांगा, तिला रोज अंघोळ कशाला घालता?

साठ वर्षं देव्हाऱ्यापुढे बसतेय, हा प्रश्न कधी कुणी विचारला नव्हता. शेवटी म्हटलं, “आई घालायची म्हणून.” हे उत्तर एखाद्या मुलीनं दिलं असतं तर मी तिला बाकावर उभी केली असती.

म्हणजे त्यांच्या विषयात नापास आणि स्वतःच्या विषयात शून्य!

बरं वाटावं असं एकच घडलं. शेजारच्या जोडीत फादर आणि नास्तिक दंतवैद्य आहेत. फादरांना तीनदा प्रयत्न करूनही ‘देव नाही’ हे म्हणवेना. प्रत्येक वाक्याच्या शेवटी ‘देव जाणे’ यायचं.

१३ फेब्रुवारी

मूर्तीला अंघोळ घालता घालता हात थांबला. का घालतेय? यांनी पेपरातून मान वर काढून विचारलं, पाणी गार आहे का.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

वर्गाला सुट्टी. रोजे सुरू झालेत. दुपारी तीनला उठून सरळ बेकरीत गेले. वही नेली नाही.

भट्टीजवळ उभं राहवत नव्हतं. भाई पावाचे ट्रे ओढून बाहेर काढत होते. तो वास! मी पोटभर जेवून गेले होते तरी भूक लागली. हा माणूस पहाटेपासून पाण्याच्या थेंबाशिवाय. एक गिऱ्हाईक म्हणालं, मऊ आहे का हो, जरा खाऊन बघा की तुम्हीच. भाईंनी पाव बोटानं दाबून दाखवला आणि हसले. मी मात्र त्या गिऱ्हाइकाकडे असं पाहिलं की ते सुटे पैसे न घेताच गेलं.

मी म्हटलं, हे जमतं कसं?

भाई म्हणाले, “दिवसभर पावाला हात लावायचा आणि हा आपला नाही, हे लक्षात ठेवायचं. बाकीचे अकरा महिने मी विसरतो.”

मी अर्धा डझन पाव घेतले आणि घरी येईपर्यंत एकालाही हात लावला नाही. तीनशे पावलांचं अंतर, पण माझ्यासाठी हेही पुष्कळ.

२६ फेब्रुवारी, गुरुवार

पास!!

दोनच वाक्यं बोलले. म्हटलं, जे आपल्याच हातानं बनतं ते आपलं वाटायला लागतं. महिनाभर ते हातात धरून भाई स्वतःला आठवण करून देतात की मालक दुसरा आहे.

भाईंनी मान हलवली, या वेळी उभी. मग, “हो. असंच.”

चौतीस वर्षांत मुलांना गुण देताना त्यांना काय वाटत असेल, याचा मी विचारच केला नव्हता. यांना सांगितलं, तर म्हणाले, पेढे आणू का. चेष्टा होती. मी आणा म्हटलं.

५ मार्च, गुरुवार

आज भाई पास झाले. कसे, ते नीट लिहायला हवं.

म्हणाले, त्यांची आई शेवटी कुणालाच ओळखत नव्हती. केस विंचरले काय, न विंचरले काय, तिला काही फरक नव्हता. तरी ते रोज सकाळी भट्टी लावून झाली की घरी जाऊन तिचे केस विंचरायचे. “बाई, तिला गरज नव्हती. मलाच होती. तुमची अंघोळ तशीच असणार. ज्याला आपली गरज नाही, त्याचंसुद्धा काहीतरी करायला मिळावं म्हणून.”

मी ‘हो, असंच’ म्हणाले. म्हणजे म्हणायला गेले. प्रत्यक्षात नुसती मान हलवली. ग्रंथपालबाईंनी ती ‘हो’ म्हणून धरली.

माझा देव मला एका बेकरीवाल्यानं समजावून सांगितला. रागावू की पाया पडू! फादर पलीकडे दंतवैद्यांना विनवत होते की देवाची कृपा तुम्ही माझ्यापेक्षा बरी सांगितलीत, रविवारी चर्चमध्ये या आणि तेवढं बोला. दंतवैद्य घाबरून घरी गेले.

घरी आल्यावर जेवण गेलं नाही. आई डोळ्यांपुढून हलेना.

६ मार्च

हे इथंसुद्धा कधी लिहिलं नाही. आई पडली, खुब्याचं हाड मोडलं, अंथरुणाला खिळली. धाकट्या बहिणीकडे राहत होती. मी पेपर तपासायला परगावी गेले होते, तेवढ्यात धाकटीनं तिला वृद्धाश्रमात हलवलं. पाच महिन्यांत आई गेली. सगळ्यांदेखत मी धाकटीला म्हणाले, तू आईला टाकलंस. नऊ वर्षं झाली. त्यानंतर एकमेकींशी शब्द नाही.

यांना म्हटलं, धाकटीची बाजू मांडून बघते, ऐका. मांडली — तिला कंटाळा आला होता, मोकळं व्हायचं होतं.

हे चष्मा पुसत म्हणाले, “हे तुझं झालं. तिचं नाही.”

वर्गात कधी पाऊल टाकलं नाही या माणसानं!

८ मार्च

पुन्हा बसलो. तिसरा मजला, लिफ्ट नाही. फोन कंपनीतली तिची फिरती पाळी. आई तिच्यापेक्षा दुप्पट वजनाची, दिवसातून सहा वेळा कुशीवर वळवायची. हे सगळं मला ठाऊक होतं. कोणी विचारलं नव्हतं एवढंच. बोलता बोलता आठवलं — आई गेली त्या दिवशी धाकटीच्या कमरेला पट्टा होता. साडीतून दिसत होता. मी तो पाहिला, आणि तरीही ते वाक्य बोलले.

यांनी फोन माझ्याकडे सरकवला. मग म्हणाले, पास करणारा मी कोण? तिला सांग.

१० मार्च

नंबर लावला. वाजायच्या आत ठेवून दिला.

११ मार्च

धाकटीला फोन केला. तिची बाजू तिलाच सांगितली, पट्ट्यासकट. मग म्हणाली, “ताई, एक राहिलं. तिकडे जायचं आईनंच ठरवलं होतं. मला म्हणाली, मोठीला आधी सांगू नकोस, ती वाद घालेल.”

मी वाद घातला नाही.