आजचं काम रद्द

चि. सौ. ठमीस, थोरलीचे भरभरून आशीर्वाद. (मी आई झाल्यापासून माझ्या आशीर्वादांचं वजन वाढलं, असं शेजारच्या काकू म्हणतात. माझंही वाढलंय, पण ते त्या म्हणत नाहीत, नुसत्या बघतात.) तुझी तब्येत कशी आहे? पायांची सूज उतरली का? डाव्या कुशीवर झोपतेस ना? आणि नवरोबा बोटीवरून फोन करतात, की अजून समुद्राचे फोटोच पाठवतात? इकडे आम्ही तिघंही खुशाल. धाकटं माणूस नुकतंच झोपलंय, आणि त्याला झोपवता झोपवता तुझे भाऊजीही बसल्या जागी झोपलेत, म्हणून तुझ्या पत्राला उत्तर लिहायला हात मोकळे झाले. फोनवर सांगितलं असतं, पण फोनवर तू मध्येच रडतेस आणि मग मला गोष्ट पहिल्यापासून सांगावी लागते.

तू लिहिलंस, ताई, सगळं खरं खरं लिही, विशेषतः तो शेवटचा भाग, जो कुणीच सांगत नाही. अगदी बरोबर आहे तुझं. आईला विचारावं तर ती म्हणते, आल्या असतील कळा, आता कुठलं आठवायला. काकू सुरुवात जोरात करतात, पण नेमक्या जागी आल्या की पदराने डोळे टिपतात आणि तिथून थेट 'पण बाळाचं तोंड पाहिलं की'वर उडी मारतात. मधलं सगळं गुलदस्त्यात. तर मी काही गाळणार नाही. पाणी पिऊन ये आणि टेकून बस.

आमचा धंदा तुला माहीतच आहे. लोकांची घरं या जागेतून त्या जागेत हलवायची. भाऊजी आणि त्यांची माणसं कपाटं उचलतात, आणि कुणाचं कपाट कधी उचलायचं ते मी कार्यालयात बसून ठरवते. या धंद्याला मी दोन नियम घालून दिलेत. एक, जिन्यावर एकानेच बोलायचं, बाकीच्यांनी मुकाट उचलायचं. (एकदा पियानोच्या वेळी चौघं बोलले होते. पियानो अजून त्या जिन्यात आहे असं मी म्हणणार नाही, पण त्याचं झाकण आहे.) दुसरा नियम, मी 'रद्द' म्हटलं की रद्द. का, कसं विचारायचं नाही, गाडी वळवायची. हे नियम मला इतके महागात पडतील असं वाटलं नव्हतं.

नैसर्गिक बाळंतपणाच्या वर्गाला आम्ही दोघं जात होतो. तिथल्या बाई फार शांत. इतक्या शांत की त्यांच्याकडे बघून मला जांभया यायच्या. त्यांनी सांगितलं, कळ म्हणायचं नाही, लाट म्हणायचं. लाट आली की तिच्यावर तरंगायचं. ठमे, मला पोहता येत नाही हे मी तिथेच सांगायला हवं होतं. भाऊजींनी मात्र तो वर्ग फारच मनावर घेतला. फ्रिज उचलताना ते लांब श्वास सोडायला लागले, मग त्यांची माणसंही सोडायला लागली, आणि एका ग्राहकाने मला फोन करून विचारलं की तुम्ही पाठवलेल्या सगळ्यांनाच दमा आहे का.

कळा सकाळी सुरू झाल्या, मी एका बाईंच्या सोफ्याचं माप लिहून घेत असताना. पहिले काही तास मी फार रुबाबात काढले. प्रसूतिगृहाच्या व्हरांड्यात येरझाऱ्या घातल्या, चहा घेतला, खिडकीतून खाली उभा असलेला आमचा टेम्पो तिरका लावलाय म्हणून भाऊजींना ऐकवलं. पलीकडच्या खोलीतली एक बाई कण्हत होती, तिला मी दारातून सांगितलं, कळ म्हणू नका हो, लाट म्हणा. तिने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ना, त्या नजरेचा अर्थ मला दुपारी कळला.

दुपारी आला तो भाग. गर्भाशयाचं तोंड पूर्ण उघडायच्या जरा आधी एक टप्पा असतो. कळ जाते, पण जाता जाता दुसरीला दार उघडं ठेवून जाते. पाय थंडगार, डोकं गरम. दात वाजायला लागले. मोजे काढा म्हटलं, काढले की घाला म्हटलं. पाठीला हात लावा, हात का लावलात, कुठे गेलात, असे तिन्ही हुकूम मी एका श्वासात सोडले. (तेवढाच श्वास होता. वर्गातले बाकीचे कुठे गेले देव जाणे.) मग मी भाऊजींच्या बुटांवर ओकले. ते म्हणाले, "लाट आहे." ठमे, लग्नानंतर पहिल्यांदाच मला या माणसाला खिडकीतून खाली टाकावंसं वाटलं.

मग अचानक माझं डोकं एकदम शांत झालं. मला स्पष्ट दिसलं की हे काम आज होणार नाही. मी पलंगावरून उतरले, चपला घातल्या (उलट्यासुलट्या, हे मागाहून कळलं), आणि कार्यालयातल्या आवाजात सांगितलं, "आजचं काम रद्द. गाडी दाराशी घ्या. उद्या बघू." दुसऱ्या कुठल्याही नवऱ्याने बायकोला समजावलं असतं. हात धरला असता. निदान आ वासला असता. पण आमच्या धंद्यातल्या माणसाला का, कसं विचारायची सवयच उरलेली नाही. भाऊजींनी पिशवी उचलली, किल्ल्या घेतल्या आणि खाली गेले. गंमत म्हणजे त्यांच्या चेहऱ्यावर सुटल्याचा भाव होता. खालून टेम्पो मागे घेतल्याचा आवाज मला ऐकू आला.

या प्रसूतिगृहात मोठ्या सिस्टर म्हणून एक बाई आहेत, हातभर रुंद मनगटांच्या, फार बोलत नाहीत. त्या नेमक्या त्याच वेळी पलीकडच्या खोलीत गेल्या होत्या, त्या कण्हणाऱ्या बाईकडे. म्हणजे हे खाली, सिस्टर तिकडे, आणि मी व्हरांड्यात, मागून उघड्या झग्यात, भिंत धरून. आता नीट वाच, कारण हाच तो भाग आहे. कळा वाईट असतात, पण त्या मला सांगता येतात. ती काही मिनिटं सांगता येत नाहीत. मला पुढे जाता येत नव्हतं, मागे तर जाताच येत नव्हतं, आणि 'तू आहेस तिथेच मीही आहे' म्हणणारं कुणी नव्हतं. मी रडलेसुद्धा नाही. रडायला समोर कुणीतरी लागतं. फार एकटं वाटलं गं.

मग सिस्टर आल्या. माझ्या चपला पाहिल्या. कुठे निघालात, विचारलं. मी म्हटलं, घरी, मला हे जमणार नाही. तर बाईंचा चेहरा उजळला! म्हणाल्या, "हेच ऐकायची वाट बघत होते. इथवर आल्या की सगळ्या घरी निघतात. आता झालंच तुमचं." त्यांनी हाताला धरून मला आत वळवलं, तोच मला आतून असा जोर आला की मी दाराची चौकट धरली आणि आमची माणसं अलमारी उचलताना काढतात तसा आवाज काढला. हा जोर आपण करायचा नसतो, ठमे, तो आपल्याला करतो. दुखतं, पण वेगळं दुखतं. आधीचं दुखणं माझ्यावर चालून आलं होतं, हे माझ्या बाजूचं होतं. मला चक्क बरं वाटलं.

आयाबाई खाली धावल्या. भाऊजी इंजिन चालू ठेवून, माझ्या बाजूचं दार उघडून बसले होते. वर आले ते घामाघूम. मी पलंगावर गुडघे टेकून ओणवी झालेले, आणि नेमकं डोकं दिसायला लागलं होतं. इथे खाली आगीचं कडं बसावं तशी जळजळ होते, आणि इथेच थांबायचं असतं. सिस्टर म्हणाल्या, आता जोर नको, नुसत्या फुंकरा मारा. पण भाऊजींनी दारात काहीतरी अडकलेलं पाहिलं, आणि इतक्या वर्षांची सवय ती, गरजले, "थांबू नका! आलं! घ्या बाहेर!" मी गोंधळले. सिस्टरांनी मान वर न करता त्यांना विचारलं, "तुमच्या कामात एका वेळी किती जण बोलतात?" भाऊजी म्हणाले, एक. "मग आत्ता ती मी," सिस्टर म्हणाल्या. त्यानंतर भाऊजी जे गप्प झाले ते बाळ बाहेर येईपर्यंत. नुसता माझा हात धरून उभे होते, आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मी फुंकरा मारल्या. डोकं आलं, मग खांदा तिरका वळून आला, आणि बाकी सगळं सुळकन.

मुलगी. तुझ्यासारखं नाक. रडली ती रागाने रडली, म्हणजे स्वभाव घरचाच. भाऊजींनी तिला सगळीकडून तपासलं, कुठे ओरखडा नाही याची खात्री केली आणि मग मला म्हणाले, "पोचली."

बाकी सर्व क्षेम. घरच्या मंडळींना नमस्कार सांग, असं लिहायची रीत आहे, पण तुझ्या घरी सध्या मंडळी म्हणून तू एकटीच, तेव्हा स्वतःलाच सांग.
तुझी,
ताई

ता. क. हे पत्र नवऱ्याला वाचून दाखवू नकोस. आपले जावईबापू हळवे आहेत, बोटीवर त्यांना धरायला कुणी नाही.

ता. क. आणखी एक. विसरतं का, हे तू विचारलं होतंस. मी अजून काही विसरलेले नाही. पण परत करशील का विचारलं तर हो म्हणेन, फक्त टेम्पोच्या किल्ल्या माझ्या उशीखाली ठेवून.

ता. क. आता खरं काम. तू लिहिलंस की पिशवी भरून ठेवली आहे, गाडी सांगून ठेवली आहे, एकटीच जाईन आणि एकटीच येईन, कुणाला त्रास नको. (एकटी येणार नाहीस गं, एवढं तरी गणित कर.) मला त्या खोलीत येऊ दे. मी श्वास शिकवणार नाही, लाट म्हणणार नाही. तू शिव्या दे, माझ्या पायांवर ओक. पण तू घरी निघालीस की दारात आडवं उभं राहायला कुणीतरी हवं, आणि तुला 'नाही' म्हणायची मला तुझ्या जन्मापासून सवय आहे. पुढच्या महिन्यात तुझ्या गावाला जाणारं एक घर मी मिळवलंय. कपाटांबरोबर मी आणि तुझी भाची येतो. भाऊजी खाली थांबतील.

ता. क. शेवटचा. वर फार शूरपणाचा आव आणलाय, त्यावर जाऊ नकोस. माझ्या वेळी मला घाबरायला सवडच मिळाली नाही. तुझ्या वेळचं घाबरणं मात्र आतापासून सुरू झालंय, आणि तू आत असताना मला बाहेर बाकावर बसवलंस तर ते मला नाही झेपणार. येऊ दे ना गं.