बाबांची शिडी

रविवार, दुपार. भट्टी नुकतीच विझवली आहे.

प्रिय ताई,

प्रभूच्या नावात सलाम. भाऊजींनाही सांग, आणि धाकटीला गालावर एक पापा दे.

तुझं पत्र येऊन किती दिवस झाले ते विचारू नकोस. रोज लिहायला बसायचो आणि उठायचो. एकदा पेन सापडेना. सापडलं तेव्हा डोकं जागेवर नव्हतं. खरं सांगू? शेवटच्या ओळीत तू विचारलंयस ना, घरी कधी जातोस, तिथपर्यंत वाचलं की मला एकदम काहीतरी काम आठवतं. त्याचं शेवटी लिहितो.

आधी इथलं. मी एका बेकरीत लागलोय. मालकिणीला सगळे मावशी म्हणतात, मीही म्हणतो. तिने मला वरची खोली दिली आहे. खाली भट्टी, त्यामुळे जमीन कायम कोमट. मांजर होऊन पडून राहावंसं वाटतं. समोर घड्याळजींचं दुकान आहे. तिथलं प्रत्येक घड्याळ वेगळी वेळ दाखवतं. मी त्यावरून चिडवलं तर म्हणाले, बरोबर चालणारी गिऱ्हाईक घेऊन जातं, राहतात ती ही.

मावशी पक्की चाकवाली, म्हणजे चाक चिन्हाच्या पार्टीची. अगदी आपल्या बाबांसारखी, दारावर चाकाचा झेंडा, पदरावर चाकाचा बिल्ला. घड्याळजी छत्रीवाले, म्हणजे माझ्या पार्टीचे. मावशी मुद्दाम त्यांचा पाव चाकाच्या पत्रकात गुंडाळून देते. ते तिचं दुरुस्त केलेलं घड्याळ छत्रीच्या पत्रकात बांधून परत करतात. दोघंही चर्चला एकाच बाकावर बसतात, आणि पायऱ्या उतरल्या की पुन्हा जुंपते.

बाबांचा खोकला कसा आहे? सहज विचारतोय.

आज सकाळची उपासना मात्र तुला सांगायलाच हवी. परवा मतदान. इथल्या चर्चची एक रीत आहे. मतदानाच्या आधीच्या रविवारी, ज्याचं आपल्याशी राजकारणात पटत नाही अशा एका माणसासाठी उभं राहून मोठ्याने प्रार्थना करायची. त्याच्याबद्दल आभार मानायचे, त्याच्यासाठी काही मागायचं. पण त्याचं मत बदलू दे, एवढं मात्र मागायचं नाही. मागितलंच, तर पाळकसाहेब खोकतात.

घड्याळजी उठले. मावशीच्या हातांसाठी आभार मानले, तिच्या कंबरेला आराम मागितला, आणि मग हळूच म्हणाले, प्रभू, हिला थोडी अक्कलही दे. पाळकसाहेब खोकले. घड्याळजी म्हणाले, बरं, राहू दे, आहे तेवढी पुरे आहे. सगळं चर्च हसलं, मावशीसुद्धा.

मग ती उठली आणि घड्याळजींबद्दल सांगू लागली. तिचा नवरा गेला तेव्हा ती महिनाभर अंथरुणाला खिळली होती. ते सगळे दिवस हा माणूस स्वतःचं दुकान बंद ठेवून तिच्या गल्ल्यावर बसला. डोक्यावर चाकाचा झेंडा फडकत होता, त्यांच्याच पार्टीतले लोक येताजाता टोमणे मारत होते. झेंडा काढून ठेवा म्हणून तिनेच निरोप धाडला होता, तर म्हणाले, दुकान तुमचं, झेंडाही तुमचाच राहील. हे सांगताना ती रडली वगैरे नाही. फक्त बिल्ल्यावर हात ठेवून उभी होती.

आणि मग पाळकसाहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी नेहमीसारखा शेवटच्या बाकावर, दाराजवळ. उठावं लागलं. म्हटलं, माझे वडील चाकवाले आहेत. आणि सुरुवातच केली, प्रभू, त्यांचे डोळे उघड. लगेच खोकला. पाळकसाहेब म्हणाले, डोळे आहेत तसे असू दे, बाळा, बाकीचं माग.

ताई, बाकीचं काय मागायचं तेच सुचेना. इतके महिने मी डोक्यात बाबांशी फक्त भांडतच होतो. तू त्या दिवशी तिथे नव्हतीस. ते चाकाची पाटी रंगवत होते. मी म्हटलं, मी छत्रीला मत देणार. त्यांनी ब्रश खाली ठेवला, वर बघितलंही नाही. म्हणाले, या घरातून एकच मत जातं. मी हात पुसले आणि निघालो. एवढंच. शिवीगाळ नाही, आदळआपट नाही.

तर मी तसाच उभा. आणि तोंडातून निघालं ते असं: रंग लावायच्या आधी ते फळीवरून तळहात फिरवतात, त्याबद्दल आभार. त्यांचे गुडघे दुखतात. उंच पाट्यांसाठी शिडीवर चढावं लागतं आणि खाली धरायला मी असायचो. आता कोण धरतं मला माहीत नाही. कोणीतरी धरू दे.

मी खाली बसलो. पूर्ण चर्चने आमेन म्हटलं. सगळ्यात मोठ्याने मावशीने.

तर तुझ्या प्रश्नाचं उत्तर. माझं नाव तिकडच्या मतदार यादीत आहे, म्हणजे माझं मत यंदा वायाच. मी म्हटलं, जाऊ दे. बाबांना बरंच वाटेल. घरी जायचं म्हटलं तर दार कोण उघडणार, आणि उघडून काय बोलणार, याच्यापुढे माझं गाडं सरकत नाही. पण रंगाचा वास आला की, समोरच्या गल्लीत परवा कोणी खिडकी रंगवत होतं, मी पावाची टोपली घेऊन तिथेच उभा राहिलो, पाव गार झाले, आणि

थांब. खालून मावशी हाक मारते आहे.

ताई, पत्ता तूच दिलास ना?

मी जिन्याच्या वरच्या पायरीवर बसून लिहितोय. खाली दुकानात बाबा आहेत. खुर्चीवर, एक पाय लांब करून. शर्टाच्या बाहीला पिवळा रंग. मावशीने त्यांचा बिल्ला बघितला आणि खूश होऊन विचारलं, आपले दिसता, इकडे कसे?

ते म्हणाले, "आमच्या घरातून दोन मतं जातात, बाई. एक इथे राहिलंय. ते न्यायला आलोय."

"चाकाचंच ना?"

"नाही. छत्रीचं."

 मावशीने त्यांच्यासाठी पाव कापायला घेतला आहे. इथून मला बाबांचं डोकं वरून दिसतंय, शिडीवर असायचे तेव्हा कधी दिसायचं नाही. केस किती विरळ झालेत गं.

हा जिना त्यांच्या गुडघ्यांना जमायचा नाही. मीच उतरतो.

तुझा भाऊ