पृष्ठ तीनवरील हसरे गृहस्थ

प्रति,
मा. विभागप्रमुख,
अणुवीज जनजागृती विभाग, तोक्यो.

विषय : आपल्या पुस्तिकेतून माझे छायाचित्र काढून टाकण्याबाबत.
संदर्भ : माझी तीन पत्रे. आपले उत्तर : "भावनांची नोंद घेतली आहे."

महोदय,

१. मी कुसानो तोकुजी, वय ७४, फुकुशिमातील ओकुनासावा वाडीचा. अणुभट्टीच्या अपघातानंतर आम्हांला घरे सोडावी लागली. सात वर्षांनी आपणच "आता राहण्यास हरकत नाही" असे कळवलेत, म्हणून परतलो. त्रेचाळीस घरांपैकी दोनच घरांत दिवा लागू लागला, माझ्या आणि नेमोतोबाईंच्या. माझी पत्नी फुमिए त्याआधीच निर्वासितांच्या वसाहतीत वारली.

२. गेल्या वर्षी आपला छायाचित्रकार आला. मी गंभीरपणे उभा असताना झुडपातून रानडुक्कर निघाले आणि आपला माणूस पळता पळता चिखलात बसला. मला हसू आले. त्याने चिखलातूनच कळ दाबली. आपल्या खात्यात काम जाणणारा तेवढा एकच माणूस मला भेटला. नेमोतोबाई म्हणाल्या, "तोकुजी, अकरा वर्षांत आज तुझे दात दिसले." ते दात आता पृष्ठ तीनवर आहेत. खाली छापले आहे : "मी परतलो. बंद अणुभट्ट्या पुन्हा सुरू व्हाव्यात." यातले दुसरे वाक्य मी कधीही बोललेलो नाही.

३. पत्रांचा उपयोग होईना, म्हणून चार गाड्या बदलून मी मिसाकिहामाला गेलो. तिथली बंद अणुभट्टी पुन्हा सुरू करण्याबाबत गावात सभा होती. आपल्या हिरुकावा साहेबांनी माझे छायाचित्र पडद्यावर पुरुषभर उंच दाखवले आणि म्हणाले, "शंका असेल तर या गृहस्थांना विचारा."

मी उठून म्हणालो, "विचारा."

साहेब म्हणाले, "आजोबा, खाली बसा. ही सभा स्थानिकांसाठी आहे."

आपल्याकडे भरती करताना डोळे तपासत नसावेत.

४. मागच्या रांगेतून इसोबे नावाच्या मासे विकणाऱ्या बाई उठल्या. "अहो साहेब, तेच आहेत ते." मग मला विचारले, "काका, वाडीत किती जण परतले?"

"दोन."

"दुकान आहे?"

"नाही."

"डॉक्टर?"

"गुरुवारी येतो. रस्ता खुला असला तर."

कोणी आरडाओरडा केला नाही. लोक पुस्तिका टेबलावर ठेवत एकेक करून बाहेर पडले. साहेब त्या गोळा करून खोक्यात भरत होते. पुढच्या गावाला लागतील, अशी दूरदृष्टी.

५. त्यानंतर नेमोतोबाईंना त्यांच्या मुलीने साइतामाला नेले. वाडीत मी एकटा उरलो. पंधरा दिवस मी कोणाशी बोललो नाही. शेवटी इसोबेबाईंनी मिसाकिहामातल्या आपल्या दुकानावरची खोली देऊ केली, ती मी घेतली. फुमिएच्या थडग्यावर पाणी घातले, दाराला कुलूप लावले. त्या वेळी मला काय वाटले, ते आपल्या नोंदीसाठी नाही.

६. तरी छायाचित्र काढून टाकावे. ते जमत नसेल तर सभेतली माझी तीन उत्तरे त्याखाली छापावीत. त्यांतले प्रत्येक आपल्या घोषणेपेक्षा लहान आहे. मिसाकिहामाची पुढची सभा २ डिसेंबरला आहे. मी आता तिथला नोंदणीकृत रहिवासी आहे. मला खाली बसवायला हिरुकावा साहेबांनी दुसरे कारण शोधून ठेवावे.

आपल्या दप्तरी नम्र म्हणून नोंदलेला,

कुसानो तोकुजी
मिसाकिहामा, दि. १७ नोव्हेंबर २०२३

सोबत : नव्या पत्त्याचा रहिवासी दाखला.