साध्या चकतीचा वास

सोम., ९ फेब्रु.
जमलं. आमची पावडर घातलेली प्लास्टिकची चकती दोन तास हाय व्होल्टेजखाली ठेवली, स्क्रीनवर रेघ सपाट. आत वीज साठलीच नाही. पावडरीशिवायच्या साध्या चकतीत मात्र हा एवढा उंचवटा. केबलच्या प्लास्टिकमध्ये वीज अशीच अडकून बसते आणि एक दिवस आतून भोक पाडते. आता नाही पाडणार. चार वर्षं घासली आहेत, आश्चर्य वगैरे वाटलं नाही. शुक्रवारी केबल कंपनीची माणसं येणार, माझ्या गाईड सरांनी परस्पर बोलावूनही टाकलं. प्रबंधाचं शेवटचं प्रकरण डोक्यात तयार.

मंगळ., १०
लॅबचे गायकवाडकाका साधी चकती नाकाशी धरून उभे. "मॅडम, हिला वास येतोय." म्हटलं, काका, प्लास्टिकला वास येणारच. "ओव्हनमधनं काढल्यावर येत न्हाई. हिला हाय." मांजरी गावच्या गुऱ्हाळावर वाढलेला माणूस, उकळत्या काहिलीच्या वासावरून गूळ कसा उतरणार ते सांगणारा. ऐकून घेतलं आणि स्लाइड्स केल्या. वीस. झकास झाल्यात.

बुध., ११
वास डोक्यातून जाईना. ओव्हनची वही काढली.
ताज्या चकतीतून वाफा निघतात. मोजण्याआधी पाच दिवस तापवून त्या घालवायच्या, नाहीतर त्यांच्यामुळेच वीज साठते. पावडरवाली एकटी तापली. साधीही पाच दिवस. पण चौथ्या दिवशी नोंद: 'जागा आहे म्हणून २ ताज्या आत.' अक्षर माझं. सहीसुद्धा, चांगली झोकदार. म्हणजे ताज्यांच्या वाफा साधीत मुरल्या. उंचवटा कदाचित त्याचाच. मग आमची पावडर करते काय? कदाचित काहीच नाही.
भीती वाटली. लिहून ठेवते, वाटली.
आईला सांगितलं. म्हणाली, "हिंगाशेजारी चहा ठेवू नये, हे पीएचडीत शिकवत नाहीत वाटतं."

गुरु., १२
सकाळीच सरांना सांगितलं. बराच वेळ चष्मा पुसत होते.
"आपल्याला हे आज सुचलं?"
"काकांना परवाच सुचलं होतं. मी ऐकलं नाही."
"उद्या ग्राफ दाखवा. वासाचं कशाला काढता?"
"ग्राफ दाखवायचा तर वासासकट दाखवीन."
नवी साधी चकती ओव्हनमध्ये टाकली, एकटी. दारावर पाटी लावली: 'आत जागा आहे. ती कोणासाठीही नाही. वहीत सही करणाऱ्यांसाठी तर मुळीच नाही.'

शुक्र., १३
चौदाव्या स्लाइडवर थांबले. वासाचं, ओव्हनचं सगळं सांगून टाकलं. कंपनीच्या एक बाई, साठीच्या आसपास: "मग पावडर चालते की नाही?"
"मंगळवारी कळेल."
"मग आम्हाला मंगळवारी बोलवायचं ना."
बरोबर आहे. सर चहा ढवळत बसले, साखर न घालता. जाताना बाई म्हणाल्या, "काहीही येवो, मला कळवा." कर्वेनगरला घरी येईपर्यंत गाडी नेहमीपेक्षा हळू चालवली. पण मान खाली घालून नाही आले.

मंगळ., १७
पाच दिवस पुरे. चकती काढून काकांच्या हातात दिली. दोनदा हुंगली. "काय न्हाई."
१०.४० ला व्होल्टेज दिलं. साधीत वीज साठली तर पावडर खरी. नाही साठली तर चार वर्षं गेली, आणि तेही बाईंना मीच कळवायचं. पावडरीवर माझा अजून विश्वास आहे. आधीपेक्षा जास्तच, का कोण जाणे.
सर येऊन मागे उभे राहिलेत.
काका: "मॅडम, काय यायला पायजे?"
"उंचवटा."
"आन् न्हाई आला तर?"
"तर न्हाई आला, काका."
११.०५. रेघ सपाट. अजून दीड तास आहे.