आईचं वय तसंच राहिलं

६ फेब्रुवारी, शुक्रवार
दुपारी घाटनांदूरहून सुनीता आली, धाकटी जाऊ. सामान बांधायला. रविवारी भाऊजी टेम्पो आणणार. हे गेल्यावर वडवणीत एकटी कशी राहणार, म्हणून त्यांच्याकडे जायचं ठरलंय. मीच हो म्हटलं. ह्यांच्या शिकवणीतल्या दहावीच्या मुलींची उजळणी आता मीच घेते, ती उद्या संपेल.

पातेली कागदात गुंडाळताना सुनीता बोलून गेली, "सरांनी लई सोसलं. दिवाळीत बीडच्या डॉक्टरनं सांगितलं, तवापासून..." मी खोदून विचारलं तेव्हा बाकीचं सांगितलं.

दिवाळीत मी माहेरी, आष्टीला. भाऊबीज झाली तरी हे फोनवर म्हणत होते, राहा अजून, घाई नाही. किती बरं वाटलं होतं. सासूबाईंनाही माहीत होतं. सगळ्यांना. मला हे पित्त म्हणून सांगत, मी ताक देत राहिले.

७ फेब्रु., शनि.
वयाचं उदाहरण घेतलं. आई मुलीपेक्षा २४ वर्षांनी मोठी. ६ वर्षांनी आईचं वय मुलीच्या तिप्पट. आजची वयं काढा.

समजा मुलगी x, आई x + २४.
मी फळ्यावर लिहिलं: x + २४ = ३(x + ६). x = ३. उत्तर सरळ आलं, मला शंकाही नाही. हे पडताळ्याशिवाय फळा पुसू देत नसत, म्हणून रुखसारनं पडताळा घेतला. मुलगी ९, आई ३३. तिप्पट तर २७.

"काकू, आईचं वय तसंच ठेवलं की तुमी. सहा वर्षं एकट्या लेकीचीच वाढली."
मागून कुणीतरी, "आईला कुणी सांगितलंच न्हाई." मुली हसल्या. मीही हसले बहुतेक.

परत केलं. x + ३० = ३x + १८. २x = १२. मुलगी ६, आई ३०. पडताळा: १२, ३६. जुळलं.

संध्याकाळी भाऊजींना फोन करून विचारलं. आधी इकडचं तिकडचं. मग म्हणाले, "दादानं शपथ घातलती, वैनी. अन् समजा सांगितलं असतं, तर तुमी काय केलं असतं?"
उत्तर फोन ठेवल्यावर आलं. ताक दिलं नसतं. आष्टीहून मिळेल त्या गाडीनं आले असते. एवढंच, पण...

८ फेब्रु., रवि.
टेम्पो आला. म्हटलं, मुलींची परीक्षा होईपर्यंत इथंच राहते. भाऊजी उंबऱ्यातच थांबले. "आमी परके हाव का?" मी चहा ठेवला. रिकामी गाडी कशी न्यायची म्हणून कपाट तेवढं घेऊन गेले. परीक्षेनंतर बाकीचं नेऊ म्हणाले. मी कप विसळून पालथे घातले.

कपाटातले कपडे काढून खाटेवर टाकले होते, ह्यांचे, माझे, सगळे एकत्र. दुपारी एकेकाची घडी घालत बसले.